ताटातले लोह आणि रक्तातले लोह

(द्वितीय वर्ष, कला)

चुनखडीच्या जमिनीत भुईमुगावर केवडा पडतो. कोवळी पाने पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि पीक खुरटते. जाणता शेतकरी पाहताक्षणी सांगतो, "याला लोह कमी पडलंय." नवख्या माणसाला याचे नवल वाटते. आपली दख्खनची जमीन काळ्या कातळापासून झालेली. तिच्यात लोहाला काय तोटा? पण चुना फार असलेल्या जमिनीत ते लोह विरघळत नाही, आणि न विरघळलेले लोह मुळांना उचलता येत नाही. लोह मुळाशी पडून असते आणि पान मात्र पिवळे पडते.

माणसाच्या शरीराचेही पुष्कळसे असेच आहे. अन्नात एखादे खनिज किती आहे हा एक प्रश्न, आणि त्यातले आतड्यातून रक्तात किती गेले हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर पुस्तकातल्या कोष्टकात सापडते. दुसऱ्याचे उत्तर त्या अन्नासोबत आणखी काय खाल्ले, ते कसे शिजवले आणि वर काय प्याले यावर ठरते. या दुसऱ्या प्रश्नाविषयी मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीपर्यंतच आला. तेव्हा हा विषय मी का निवडला, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या घरात आहे. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला दिवस राहिले. तपासणीत तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन ८.४ निघाले. ताई दोन वेळा भाकरी खाते, पालेभाजी खाते. तिला आजार असा काही नाही. मग लोह जाते कोठे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. ग्रंथालयातील आहारशास्त्राची पुस्तके चाळली, आमच्या गृहविज्ञानाच्या बाईंना विचारून भंडावून सोडले, आणि जे समजले ते येथे मांडीत आहे.

ताई एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडा ५४.२ टक्के होता. म्हणजे आमच्या वर्गातल्या बाकावर दोन मुली बसल्या असतील, तर त्यांतल्या एकीला तरी तो असावा, असा हा हिशेब आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत: पाळीतील रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, पोटातील जंत, इतर जीवनसत्त्वांची कमतरता. पण लोहाची कमतरता हे त्यांतले एक मोठे कारण आहे, याबद्दल दुमत नाही.

आता आपल्या भाकरीचा हिशेब करून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके नव्याने प्रसिद्ध केली. त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम, ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम आणि नाचणीत सुमारे ४.६ मिलिग्रॅम लोह असते. एखादी बाई दिवसाला २०० ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी खात असेल, तर तिच्या पोटात त्यातूनच जवळजवळ १३ मिलिग्रॅम लोह गेले. पाळी येणाऱ्या स्त्रीच्या शरीरातून रोज सरासरी दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह जाते. तेरा आले आणि दीड गेले, म्हणजे चिंता नको, असे वाटेल. परंतु धान्य-डाळींच्या आहारातील लोहापैकी शंभरातले आठच भाग रक्तात जातात, असे धरून या संस्थेने २०२० साली आपल्या शिफारशी ठरवल्या. तेराचे आठ टक्के म्हणजे एक मिलिग्रॅम. दीड जाते आणि एक येते. रोजची अर्ध्या मिलिग्रॅमची ही तूट वर्षानुवर्षे चालली, की शिल्लक संपणारच. म्हणूनच या शिफारशींत प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे, आणि पुरुषाला १९.

शंभरातले बाकीचे ब्याण्णव भाग वाटेत कोण अडवते? वनस्पतिजन्य अन्नातच असे काही पदार्थ असतात, की जे खनिजांना धरून ठेवतात. त्यांतले तीन महत्त्वाचे आहेत.

पहिले फायटिक आम्ल. धान्य, कडधान्ये, तेलबिया या सर्वांत ते असते. बीज म्हणजे झाडाने पुढच्या पिढीसाठी बांधून दिलेली शिदोरी. त्या शिदोरीत स्फुरद साठवण्यासाठी झाड फायटिक आम्ल तयार करते. त्याच्या एका कणाला स्फुरदाचे सहा गट चिकटलेले असतात आणि ते लोह, जस्त, कॅल्शियम यांना घट्ट धरतात. आतड्यात ही गाठ सुटत नाही, कारण ती सोडवणारे फायटेज नावाचे विकर माणसाच्या आतड्यात फारच थोडे असते. खनिज त्या गाठीसकट शरीराबाहेर निघून जाते. फायटिक आम्लाचा मोठा भाग धान्याच्या बाहेरच्या थरांत, म्हणजे कोंड्यात असतो. मात्र एवढ्यावरून सडलेला पांढरा तांदूळ किंवा मैदा बरा, असे कोणी समजू नये. कोंड्याबरोबर फायटिक आम्ल जाते, तसे लोह आणि जस्तही जाते. चोराला घालवण्यासाठी घरातले धान्यच बाहेर फेकण्यासारखे ते आहे.

दुसरे टॅनिन व त्याचे भाईबंद. तोंडात तुरटपणा आणणारे हे पदार्थ होत. चहा, सुपारी, कच्चे केळे, लाल ज्वारी यांत ते असतात. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात ते सालीतल्या टॅनिनमुळेच. लोहाशी त्याचे सख्य किती, हे पाहण्यास प्रयोगशाळा नको. कच्चे केळे लोखंडी विळीवर चिरले की पाते काळे पडते. तो काळा रंग म्हणजे टॅनिनने धरलेले लोह होय. पात्यावर जे घडते, तेच जेवणानंतर लगेच चहा घेतला की पोटात घडते.

तिसरे ऑक्झॅलिक आम्ल. याचे वैर मुख्यतः कॅल्शियमशी आहे. अळूचे देठ नीट शिजले नाहीत तर घसा खवखवतो, तो याच आम्लाच्या कॅल्शियमबरोबर बनलेल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. अळूच्या फदफद्यात चिंच घालण्याची रीत आपल्याकडे आहे ती उगीच नव्हे. पालकात कॅल्शियम पुष्कळ आहे असे आपण ऐकतो. ते खरेही आहे. परंतु अमेरिकेत १९८८ साली दूध आणि पालक यांची तुलना झाली, तेव्हा दुधातील कॅल्शियमपैकी शंभरातले सुमारे २७ भाग शरीरात गेले आणि पालकातील केवळ पाच. पालेभाज्या म्हणून टाकाऊ ठरत नाहीत. त्यांचे इतर गुण आहेतच, आणि सर्वच पालेभाज्यांत हे आम्ल सारखे नसते. मेथीत ते पालकापेक्षा पुष्कळ कमी असते. मुद्दा एवढाच, की कॅल्शियमसाठी एकट्या पालकावर विसंबू नये.

या अडवणुकीचा परिणाम किती मोठा होऊ शकतो, याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, आणि ते एका भारतीय डॉक्टरशी निगडित आहे. बिहारमधील बक्सर येथे १९२८ साली जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद अमेरिकेत शिकून १९५८ साली इराणमधील शिराझ शहरी गेले. तेथे त्यांच्यापुढे एक रोगी आला. वय २१ वर्षे. दिसायला मात्र दहा वर्षांचा मुलगा. वाढ खुंटलेली, रक्तक्षय तीव्र, तारुण्याचे कोणतेही चिन्ह नाही. त्याचा आहार म्हणजे न आंबवलेली गव्हाची रोटी; दूध, मांस जवळजवळ नाही; शिवाय माती खाण्याची सवय. त्या भागात असे रोगी आणखीही निघाले. रक्तक्षय लोहाच्या अभावाने झाला, हे कळण्यासारखे होते. पण वाढ का खुंटली? डॉ. प्रसादांना शंका आली, की जस्तही कमी पडत असावे. त्या काळी माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते, हेच कोणी मानत नव्हते. पुढे इजिप्तमध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच रोग्यांचा अभ्यास करून १९६३ च्या सुमारास ही गोष्ट सिद्ध केली. जस्त दिल्यावर मुलांची उंची वाढू लागली. १९७१ साली राइनहोल्ड या शास्त्रज्ञाने शिराझच्या आसपासच्या खेड्यांतील रोट्या तपासल्या, तेव्हा त्यांत फायटिक आम्लाचे प्रमाण फार मोठे आढळले. शहरातील आंबवलेल्या रोटीत ते कमी होते.

गहू तोच, फरक पीठ आंबवण्याचा. हे वाचले तेव्हा मला आमच्या आजीच्या आंबिलीची आठवण झाली. आजी ज्वारीचे पीठ रात्रभर ताकात भिजवून ठेवी आणि सकाळी शिजवून आंबील करी. तिला फायटिक आम्ल ठाऊक नव्हते. "उन्हाळ्यात पोटाला गार पडतं" एवढेच ती सांगे. पीठ आंबते तेव्हा त्यात थोडी आंबट अवस्था येते आणि धान्यातले व जिवाणूंचे फायटेज कामाला लागते. फायटिक आम्लाचे सहा गट एकेक करून गळतात व खनिज मोकळे होते. आंबोळी, इडली, ढोकळा या सर्वांत हेच घडते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वैशाली आगटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात भिजवणे, आंबवणे अशा आपल्या रूढ पद्धतींनी धान्यातील फायटिक आम्ल किती कमी होते, यावर काम केले आहे.

मोड आणणे ही दुसरी रीत. मटकी भिजली की बीजाला वाटते, आता उगवायची वेळ झाली. ते स्वतःच आपली शिदोरी सोडू लागते. आपण मधल्यामध्ये तिचा लाभ घेतो. मोडाबरोबर जीवनसत्त्व क देखील तयार होते, जे कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसते.

आणि जीवनसत्त्व क हे या तिन्ही राखणदारांवरचे उत्तम उत्तर आहे. निदान लोहापुरते तरी. ते लोहाला अशा रूपात ठेवते, की ते विरघळते व आतड्याला उचलता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी किशोरवयीन मुलामुलींना भाताच्या जेवणाबरोबर पेरू देऊन पाहिला. हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. पेरूमुळे लोहाचे शोषण दुपटीहून अधिक झाले. जस्तावर मात्र परिणाम झाला नाही. पेरू हे काही श्रीमंतांचे फळ नव्हे. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक जीवनसत्त्व क असते. लिंबातही ते असते, परंतु ते उष्णतेने नाश पावते. म्हणून लिंबू उकळत्या आमटीत न पिळता ताटात पिळावे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने २०१० साली दाखवले, की धान्य-कडधान्याबरोबर कांदा व लसूण असल्यास लोह व जस्त अधिक मोकळे होते. हा प्रयोग काचपात्रातला होता, माणसांवरचा नव्हे. तरी भाकरीबरोबर फोडलेला कांदा पाहिला, की मला आता त्याची आठवण होते. लोखंडी तवा व कढई यांचाही वाटा आहे. आंबट पदार्थ लोखंडी कढईत शिजला की त्यात थोडे लोह उतरते. ॲल्युमिनियमची कढई हलकी आणि घासायला सोपी असते, पण तिच्याकडून हे दान मिळत नाही.

मांस-मासळीतील लोहाचे तंत्र निराळे आहे. त्याचा बराच भाग रक्तद्रव्यातच बांधलेला असतो आणि तो या राखणदारांना फारसा जुमानीत नाही. शिवाय जेवणात थोडे मटण किंवा सुकी मासळी असली, की भाकरीतील लोहही अधिक शोषले जाते. पण आमच्यासारख्या घरांत मटण जत्रेला नाहीतर पाहुणा आला म्हणजे. रोजचा भार धान्यावरच.

आता चहाविषयी. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी चहाचा लोहाच्या शोषणावर होणारा परिणाम मोजला. पावाबरोबर पाण्याऐवजी चहा दिला, तेव्हा लोहाचे शोषण सुमारे एक तृतीयांशावर आले. चहात दूध घातले म्हणजे दोष जातो, असे कोणी म्हणेल. परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दुधाने फारसा फरक पडत नाही असे दिसले. दिलाशाची गोष्ट अशी, की २०१७ साली इंग्लंडमध्ये स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात जेवण आणि चहा यांत एक तासाचे अंतर ठेवल्यावर हा परिणाम पुष्कळ सौम्य झाला. तेव्हा चहा सोडण्याची गरज नाही. त्याची वेळ बदलली तरी पुष्कळ झाले.

एवढे सगळे वाचून मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले आणि आईला समजावून सांगितले. आई मजुरीने शेतात जाते. सकाळी सहाला ती चहात भाकरी कुस्करून खाते व खुरपायला निघते. तिने माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पोरी, चहात बुडवल्याबिगर कोरडी भाकरी घशाखाली उतरत न्हाई. रोज सकाळी कोरड्यास कुठनं आणू? आन् चहा घेतला की भूक मोडती, दुपारपातूर काम हुतं."

या दोन वाक्यांनी माझ्या वाचनाला एक नवी बाजू दिली. पुस्तकात लिहिलेले असते, "जेवणासोबत चहा टाळावा." ज्या घरात चहा हा जेवणानंतरचा शौक आहे, तेथे हे सोपे आहे. पण जेथे चहा हेच कालवण आहे, तेथे चहा बाजूला करावयाचा म्हणजे त्याच्या जागी दुसरे काहीतरी ठेवावे लागते. डाळ, भाजी, निदान ताक. त्याला पैसे लागतात, आणि पहाटे उठून ते रांधणाऱ्या बाईचा वेळही लागतो. आपल्याकडे रक्तक्षयाविषयी बोलताना पुष्कळदा बायकांच्या अज्ञानाकडे बोट दाखवले जाते. आईला जे ठाऊक नव्हते ते पाच मिनिटांत कळले. तिच्याकडे जे नव्हते ते पाच मिनिटांत येण्यासारखे नव्हते.

फायटिक आम्लाचेही तसेच आहे. त्याला शत्रू ठरवणे बरोबर नाही. ज्याच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, भाजी, कोशिंबीर, फळ आणि कधीमधी अंडे-मासळी असते, त्याचे फायटिक आम्लाने फारसे बिघडत नाही. उलट मूतखड्याला प्रतिबंध करण्यासारखे काही गुणही त्यात असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. शरीरही अगदी निरुपाय नसते: लोहाचा साठा कमी झाला की आतडे अधिक लोह उचलू लागते. अडचण होते ती ताटात एकच पदार्थ असतो तेव्हा. शिराझच्या त्या तरुणाचेही तेच झाले होते. त्याला गव्हाने मारले नाही. गव्हाशिवाय दुसरे काही न मिळाल्याने त्याची वाढ खुंटली.

म्हणून दुसऱ्या बाजूनेही प्रयत्न झाले आहेत. खाण्याची सवय बदलण्याऐवजी धान्यच बदलावे, असा तो विचार. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी निवड पद्धतीने अधिक लोह असलेली बाजरी तयार केली. 'धनशक्ती' या नावाने ती २०१२ साली महाराष्ट्रात आली. त्या वेळच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील वसतिशाळांत १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींवर तिचा प्रयोग झाला. निम्म्यांना या बाजरीच्या भाकरी, निम्म्यांना नेहमीच्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मुलांत आरंभी लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी नव्या बाजरीच्या गटातील मुलांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होती. या बाजरीतही फायटिक आम्ल आहेच. पण मुळात लोह अधिक असल्याने अडवून उरलेले लोहही अधिक. भाकरी तीच, तवा तोच, बाईच्या कामात एका मिनिटाची भर नाही. मला या प्रयोगाचे महत्त्व वाटते ते याच कारणासाठी.

एक गोष्ट गोळ्यांविषयीही सांगणे अवश्य आहे, कारण शाळा-महाविद्यालयांतील मुलींना आठवड्याची निळी गोळी मिळते आणि गरोदर स्त्रियांना रोजची लाल. गोळीतले लोहही याच दारातून आत जाते. चहाबरोबर घेतलेली गोळी भाकरीतल्या लोहाप्रमाणेच अडवली जाते. गरोदरपणी कॅल्शियमच्या गोळ्याही देतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी पोटात गेले तर एकमेकांच्या आड येतात. त्यांत दोन तासांचे अंतर असावे, असे सांगितले जाते. ताई दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदमच घेत होती. देणाऱ्यांनी पाकिटे हातात दिली, कशी घ्यावीत ते सांगायचे राहून गेले. आरोग्य केंद्रातील गर्दी मी पाहिली आहे. तेथील बाईंना मान वर करायलाही फुरसत नसते. पण ते एक वाक्य त्या गोळ्यांइतकेच मोलाचे होते.

मग आम्ही काय केले? कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर आणि लोहाची रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी, असे आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारून ठरवले. पहाटेचा चहा ताई उठल्याबरोबर घेते, भाकरी तासाभराने. आमच्या परड्यात पेरूचे एक झाड आहे. त्याचे पेरू आता बाजारात न जाता निम्मे घरात राहतात. आठवड्यातून दोनदा मटकीला मोड येतात. सहा आठवड्यांनी ताईचे हिमोग्लोबिन ९.८ झाले. यात मुख्य काम गोळ्यांचेच आहे. पेरूचा वाटा किती आणि चहाच्या वेळेचा किती, हे एका माणसावरून सांगता यायचे नाही, आणि मी तसा दावा करीत नाही. आईची सकाळची चहा-भाकरी मात्र अजून सुटलेली नाही. हरभऱ्याचे पैसे आले की शेळी घ्यायची, म्हणजे घरचे दूध होईल, असे ती म्हणते.

वसतिगृहात आम्ही मुलींनी खानावळीच्या काकूंना विनंती केली, आणि आता चहा सकाळी सातला व नाश्ता आठला मिळतो. पोह्यांवर लिंबाची फोड असते. या बदलाला खर्च आला तो लिंबांचाच, आणि तो आम्ही वर्गणीतून भागवतो. ज्या मैत्रिणी हा लेख वाचतील, त्यांना माझी विनंती एवढीच, की सुट्टीत घरी जाल तेव्हा आई, काकू, वहिनी यांच्या हातातल्या गोळ्या एकदा पाहा आणि त्या कशाबरोबर घेतल्या जातात ते विचारा. पुस्तकातले वाक्य त्यांच्यापर्यंत नेणारे आपल्या घरांत बहुधा आपणच पहिले आहोत.

ताई पुढच्या महिन्यात बाळंत होईल. आईला वाचता येत नाही. गोळ्यांची गल्लत होऊ नये म्हणून तिने दोन्ही पाकिटांना दोरे बांधून ठेवले आहेत. पांढरा दोरा जेवणाबरोबरचा, तांबडा रात्री झोपतानाचा.